फुटबॉल अकादमीचे दार ठोठावण्यापूर्वी

गेल्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे एका परिचित कुटुंबाकडे आमचे जाणे झाले. चहा झाल्यावर घरच्या बाईंनी कपाटातून एक घडी केलेला कागद काढून आमच्या हाती दिला. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाची एका निवासी फुटबॉल अकादमीत निवड झाली असल्याचे ते पत्र होते. पंधरा दिवसांच्या आत प्रवेशशुल्क भरावे, अन्यथा जागा दुसऱ्यास देण्यात येईल, असेही त्यात म्हटले होते. रकमेचा आकडा त्या घराच्या वर्षभराच्या बचतीहून मोठा होता. मुलाचे वडील एवढेच म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेली माणसं. पाठवावं का नाही, तेवढं सांगा." मुलगा दाराआड उभा राहून ऐकत होता.

त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही थोडा अवधी मागून घेतला आणि जाणकारांकडे चौकशी केली, काही वाचनही केले. हाच प्रश्न उद्या इतर घरांतही उभा राहणार, म्हणून त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

कळंब हे नीरेच्या काठचे गाव. शेजारी वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखान्याभोवती वसविलेले वालचंदनगर, आणि सभोवार ऊस. या मुलखाचा मूळ खेळ कुस्ती. त्याच्या जोडीला कबड्डी, खो-खो आणि आता अर्थातच क्रिकेट. फुटबॉल येथे आला तो प्रथम दूरचित्रवाणीवरून व नंतर मोबाइलवरून. त्यामुळे मुलांना मेस्सी ठाऊक आहे, पण अकादमी म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या आईवडिलांना सांगणारे कोणी नाही.

आम्हांस वाटते, तालीम ज्याने पाहिली आहे त्याला अकादमी समजावून सांगणे फारसे अवघड नाही. तालमीत मुलगा लहानपणी येतो, वस्तादाच्या नजरेखाली राहतो, पहाटे उठतो, मेहनत करतो, आणि त्याचा खुराक घरून येतो. वस्ताद त्याला लगेच मोठ्या फडात उतरवीत नाही. व्यावसायिक क्लबच्या अकादमीचेही तत्त्व हेच आहे. भेद आहे तो खर्चाचा. खऱ्या क्लब अकादमीत खुराकाचा भार मुलाच्या घरावर न पडता क्लबवर पडतो, कारण हा मुलगा पुढे आपल्या पहिल्या संघात खेळेल, अथवा दुसऱ्या क्लबकडे जाताना आपल्याला मोबदला मिळवून देईल, असा क्लबचा हिशेब असतो. जेथे सारा खर्च पालकच करतात, ती संस्था क्लबचे नाव लावीत असली तरी वस्तुतः ती एक शिकवणी असते. शिकवणी वाईट असते असे नव्हे. पण 'निवड झाली' हे शब्द तेथे जपून वाचावेत.

तालमीचा दाखला आम्ही उगाच दिला नाही. कोल्हापूरचा फुटबॉल तालमींच्याच अंगणात वाढला. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही तेथील नामांकित संघांची नावेच ते सांगतात. त्यांचे सामने पाहण्यासाठी शाहू स्टेडियम भरून जाते. याच कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या बालेवाडीतील शासकीय क्रीडा प्रबोधिनीत आला, आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेत भारत तिन्ही सामने हरला. तरीही कोल्हापूरच्या पेठेतून विश्वचषकाच्या मैदानापर्यंत वाट आहे, हे महाराष्ट्राने त्या वेळी पाहिले.

आता आपल्याच जिल्ह्याची कथा पाहू. ती आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटली आणि काहीशी खिन्न करणारीही. २००७ मध्ये पुणे एफसी हा व्यावसायिक क्लब स्थापन झाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो उपविजेता ठरला. या क्लबने देहूरोडजवळच्या मामुर्डी येथे निवासी अकादमी चालविली, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुले तेथे आली. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातला आशिक कुरुनियन हा त्यांपैकी एक. पुढे २०१६ मध्ये त्याला काही काळ स्पेनच्या व्हियारिआल क्लबकडे जाण्याची संधी मिळाली, आणि २०१९ च्या आशियाई चषकात तो भारताकडून खेळला. पुण्यातच डीएसके शिवाजीयन्स या क्लबने इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने दुसरी अकादमी उभी केली होती. मिझोरामचा लालियनझुआला छांगते तेथे शिकला आणि नंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

एका शहरात अशा दोन अकादमी असणे ही मोठी गोष्ट होती. पण २०१५ मध्ये पुणे एफसी बंद पडला. त्याची अकादमी इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी या क्लबकडे गेली. डीएसके शिवाजीयन्स २०१६-१७ च्या हंगामानंतर आय-लीगमध्ये दिसला नाही, आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीचाही शेवट होऊन लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. अवघ्या पाच वर्षांत तीन क्लब गेले. नावारूपास आलेले खेळाडू दुसरीकडे सामावले गेले. त्यांच्याविषयी वृत्तपत्रांत छापूनही आले. परंतु अकादमीतला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, ज्याने गावची शाळा सोडली, ज्याचे मित्र मागे राहिले, त्याने अशा वेळी कोठे जावे? म्हणून मुलाचा खेळ कसा आहे हे पाहण्याआधी पालकांनी क्लबचे पाय किती भक्कम आहेत हे पाहावे, असे आम्ही म्हणतो. हा धोका सरलेला नाही. २०२५ मध्ये देशाची सर्वोच्च लीगच आयोजनाच्या करारावरून अडली आणि हंगाम नेहमीच्या वेळी सुरू होऊ शकला नाही. काही क्लबांनी पहिल्या संघाचे कामकाज स्थगित केले. वरचा मजला हलला की खालच्या मजल्यावरच्यांनाही हादरा बसतोच.

आता अकादमीत मूल घडते ते कसे, याकडे वळू. इंग्लंडमध्ये २०१२ पासून क्लबांच्या अकादमींसाठी जी योजना लागू आहे, तिच्यात तीन टप्पे केले आहेत. नऊ ते अकरा वर्षांखालील संघांचा पायाभूत टप्पा, बारा ते सोळा वर्षांखालील संघांचा युवा विकासाचा टप्पा, आणि सतरापासून पुढचा व्यावसायिक टप्पा. नावे देशागणिक बदलतात. तत्त्व मात्र सर्वत्र जवळपास तेच आहे.

पहिल्या टप्प्यात मुलाने चेंडूशी मैत्री करावी, एवढेच अपेक्षित असते. म्हणून लहान मुलांना अकरा-अकरांच्या मोठ्या मैदानावर उतरवीत नाहीत. पाच-पाच अथवा सात-सात मुलांचे संघ, लहान मैदान, लहान गोल आणि हलका चेंडू. कारण साधे आहे. बावीस मुले मोठ्या मैदानावर धावली, तर एकेकाच्या पायाला चेंडू क्वचितच लागतो. दहा मुलांत तो पुनःपुन्हा लागतो, आणि प्रत्येक वेळी मुलाला काही निर्णय करावा लागतो. पास द्यावा, की स्वतः पुढे जावे? हा निर्णय हजारो वेळा घेणे हेच खरे शिक्षण होय. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर पन्नास मुले एका चेंडूमागे धावताना दिसतात. ते पाहून आनंद होतो, परंतु त्यात शिक्षण फारसे होत नाही. भारतीय महासंघानेही २०१८ पासून लहानग्यांसाठी गोल्डन बेबी लीगची कल्पना पुढे आणली, ती याच विचाराने. मुलगे व मुली तेथे एकत्र खेळू शकतात.

दुसरा टप्पा सर्वांत नाजूक, आणि आमच्या कळंबच्या मुलाचा तोच. तेरा-चौदाव्या वर्षी मुलगे झपाट्याने वाढतात. काही जण एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटर उंच होतात. हाडे आधी लांब होतात आणि स्नायू मागाहून येतात. काल सहज जमणारी गोष्ट आज जमेनाशी होते. मुलगा अडखळतो, गुडघ्याखाली दुखते, धाप लागते. अडाणी प्रशिक्षक म्हणतो, "पोरगं आळशी झालं." जाणता प्रशिक्षक दर काही महिन्यांनी उंची-वजन मोजतो, ते वहीत लिहून ठेवतो, आणि वाढीच्या त्या काळात धावण्या-उड्यांचा भार कमी करतो. क्रीडावैद्यकातील एक ढोबळ नियम पालकांनी ध्यानी ठेवण्याजोगा आहे : संघटित सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा अधिक नसावेत. तेरा वर्षांच्या मुलास आठवड्यात तेरा तास. रोज पहाटे तीन व सायंकाळी तीन तास, असे वेळापत्रक कोणी अभिमानाने दाखवीत असेल, तर त्या अकादमीच्या फाटकातूनच परतावे.

याच वयात निवडीतला एक मोठा अन्यायही घडतो. वयोगटाची रेषा सामान्यतः १ जानेवारीला आखलेली असते. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला, असे दोघे एकाच गटात येतात, वस्तुतः त्यांच्यात जवळपास वर्षाचे अंतर असते. पहिला थोराड दिसतो, दुसरा किरकोळ. निवड पहिल्याची होते. युरोपातील अनेक देशांच्या अकादमींत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्या मुलांचा भरणा असल्याचे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. यावर उपाय म्हणून काही क्लब अधूनमधून जन्मवर्षाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवितात. तुमचा मुलगा नोव्हेंबर-डिसेंबरचा असेल आणि बाराव्या वर्षी त्याला नाकारले गेले असेल, तर तो निकाल अखेरचा मानू नये.

आपल्याकडे मात्र याच दुखण्यावर एक भलताच इलाज केला जातो. जन्मदाखल्यावरील वर्ष बदलून मुलाला धाकट्यांत खेळवितात. वय चोरलेला मुलगा चौदाव्या वर्षी चमकतो, कारण तो वास्तविक सोळाचा असतो. आणि अठराव्या वर्षी सारे बरोबरीला आले की मागे पडतो. जागतिक महासंघ २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाच्या एमआरआय तपासणीचा अवलंब करीत आला आहे. पण तपासणीत सापडण्याचे भय हा येथे दुय्यम मुद्दा होय. खोट्या दाखल्यावर आईवडिलांची सही असते, आणि ती मुलाने पाहिलेली असते.

प्रशिक्षक मुलात नेमके काय पाहतो? ॲम्स्टरडॅमच्या अजॅक्स क्लबने दीर्घकाळ चार गोष्टींची कसोटी वापरली : तंत्र, खेळाची जाण, व्यक्तिमत्त्व आणि वेग. यांत उंची नाही, ताकद नाही. बार्सिलोनाच्या 'ला मासिया'त, म्हणजे १९७९ मध्ये खेळाडूंच्या निवासासाठी उघडलेल्या त्या जुन्या शेतघरात, जी परंपरा रुजली तीही चेंडू व जाण यांना अग्रस्थान देणारी होती. तेराव्या वर्षी अर्जेंटिनाहून तेथे आलेला मेस्सी अंगाने लहानखुरा होता आणि वाढीच्या दोषावर औषधोपचार घेत होता, हे सर्वश्रुत आहे. तो खर्च क्लबने उचलला, ही बाब आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची.

मैदानाइतकेच वसतिगृहही पाहावे. मुलगा तेथे दिवसातून फार तर दोन-अडीच तास खेळतो. उरलेला वेळ तो राहतो. शाळा कोणती, माध्यम कोणते, दहावीच्या परीक्षेस तो बसणार की नाही? मराठी शाळेतून गेलेला मुलगा एकदम इंग्रजी माध्यमात बसविला, तर मैदानावरचे त्याचे मनही उडते. जेवणात अंडी, डाळ, दूध नियमित आहे का? दुखापत झाली तर डॉक्टर कोण आणि बिल कोणाचे? रात्री मुलांजवळ कोण थांबते, त्याची चौकशी संस्थेने केली आहे का, आणि तक्रार करायची झाल्यास मुलाने कोणाकडे जावे? हा शेवटचा प्रश्न विचारताना पालक संकोचतात. संकोच करू नये. मुलांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ पासून अमलात आहे, आणि चांगली संस्था या प्रश्नाने रागावत नाही. घरी दूरध्वनी करण्याची मुभा किती, हेही विचारून घ्यावे. बारा-तेरा वर्षांचे मूल पहिले काही आठवडे रात्री रडते. ते रडणे ज्याला ऐकू येते, अशा माणसाच्या हाती मूल द्यावे.

पैशाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण फसवणूक तेथेच होते. मुलगा व्यावसायिक झाला, तर त्याला घडविणाऱ्या क्लबांना मोबदला मिळावा, असा जागतिक महासंघाचा नियम आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबकडे रकमेच्या बदल्यात गेला, तर त्या रकमेचा पाच टक्के भाग, तो बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत ज्या ज्या क्लबांत नोंदला गेला होता, त्यांच्यात वाटला जातो. बारा ते पंधरा या चार वर्षांस प्रत्येकी पाव टक्का, पुढील आठ वर्षांस प्रत्येकी अर्धा टक्का. म्हणजे एक कोटी रुपयांच्या व्यवहारात पहिली चार वर्षे सांभाळणाऱ्या छोट्या क्लबाच्या वाट्यास एक लाख येतील. मात्र त्यासाठी मुलाची त्या क्लबात रीतसर नोंदणी हवी. गावोगावची मंडळे मुले घडवितात आणि नोंदणीच करीत नाहीत. मग त्यांच्या हाती काहीच येत नाही.

याउलट, 'युरोपात पाठवितो' असे सांगून पैसे मागणारे दलालही हिंडत असतात. त्यांच्यासाठी एक नियम पाठ करून ठेवावा. काही मोजके अपवाद वगळता, अठरा वर्षांखालील खेळाडूचे दुसऱ्या देशातील क्लबात हस्तांतर करता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलास परदेशी क्लबाचा करार मिळवून देऊ म्हणणारा मनुष्य एक तर अज्ञानी असतो किंवा लबाड. आणि भारतातल्या अकादमीची खातरजमा करणेही आता तितके कठीण नाही. भारतीय महासंघाने अकादमींना मान्यता देण्याची व त्यांची श्रेणी ठरविण्याची पद्धत ठेवली आहे, आणि प्रशिक्षकांचे परवाने डी, सी, बी, ए अशा पायऱ्यांचे असतात. परवाना पाहावयास मागावा.

आपल्या समाजाचा या खेळाशी संबंध जुना आहे, याचे स्मरण येथे अस्थानी होणार नाही. गोव्यात फुटबॉल आणला तो १८८३ मध्ये शिवोलीस आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी, असे मानले जाते. अर्जेंटिनाचा सान लोरेन्झो क्लब, ज्याचे दिवंगत पोप फ्रान्सिस आजन्म चाहते होते, तो १९०८ मधला. ब्युनॉस आयर्सच्या रस्त्यावर ट्रामच्या येण्याजाण्यात जीव धोक्यात घालून खेळणाऱ्या पोरांना सलेशियन फादर लोरेन्झो मासा यांनी चर्चच्या आवारात खेळू दिले, आणि त्या पोरांचा क्लब झाला. गोव्यात तर ही परंपरा आजही फळते आहे. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा संघ सौदी अरेबियाच्या धनाढ्य अल नासर संघाकडून १-२ असा हरला. पण गोव्याचा तो एक गोल ब्रायसन फर्नांडिस या, क्लबच्याच विकास संघातून वर आलेल्या गोमंतकीय तरुणाचा होता.

मग कळंबच्या मुलाने काय करावे? आम्ही त्या घरी दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा जे सांगितले ते असे. घाई नको. बाराव्या-तेराव्या वर्षी घराजवळ राहून आठवड्यातून तीन-चार दिवस चांगला सराव झाला, तर काही बिघडत नाही. शाळेचा संघ सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीत उतरवावा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे त्याची माहिती मिळते, आणि निवड करणाऱ्यांची नजर अशाच स्पर्धांवर असते. शुल्क न घेणाऱ्या निवड चाचण्यांची वाट पाहावी. २०२५ मध्ये राज्य शासनाच्या 'महादेवा' प्रकल्पात तेरा वर्षांखालील तीस मुलगे व तीस मुली राज्यभरातून निवडून त्यांना पाच वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची योजना आखली गेली. साठ ही संख्या महाराष्ट्राच्या मानाने फारच थोडी. तरी मुलींना निम्मा वाटा, ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली. अभ्यास सोडू नये, हे तर आलेच. अकादमीत गेलेल्यांपैकी पुष्कळ जण व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठीही हाती पदवी किंवा निदान दहावी-बारावीचे प्रमाणपत्र लागते.

त्या पत्रावरील अकादमीस वडिलांनी सहा प्रश्न लिहून पाठविले. क्लबच्या संघाशी तुमचा लेखी संबंध काय, प्रशिक्षकांचा परवाना कोणता, शाळा कोणती, दुखापतीचा खर्च कोणाचा, रात्रीची देखरेख कोणाची, आणि मुलाने मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतात का? चार दिवसांनी उत्तर आले. त्यात केवळ बँकेच्या खात्याचा क्रमांक होता.

पैसे भरले गेले नाहीत. मुलगा दोन दिवस जेवला नाही, असे त्याच्या आईने आम्हांस नंतर सांगितले. सध्या तो शाळेतच आहे. शनिवार-रविवारी वडील त्याला मोटारसायकलवरून बारामतीला सरावासाठी नेतात, आणि तोडणी झालेल्या एका शेताच्या कडेला त्याने गावातल्या नऊ मुलांना गोळा करून पाच-पाचांचा खेळ सुरू केला आहे. गोलांच्या जागी उसाचे दोन-दोन बुडखे आहेत.